अणुभट्टी, उन्हाळा आणि माझी सोळावी शाल

माझ्या कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात पंधरा शाली होत्या. आता सोळा आहेत, आणि ही हकिगत त्या सोळाव्या शालीची आहे. या शाली पांघरायच्या कामाच्या नसतात. सोनेरी, चकचकीत, खांद्यावर ठेवली की सरकणारी आणि चुकून धुतलीच तर बादलीभर रंग सोडणारी ही वस्तू आमच्या तंजावूरकडे 'पोन्नाडै' म्हणून ओळखली जाते. सभा कसलीही असो, चार जणांच्या खांद्यावर ती पडल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. मी पस्तीस वर्षं इथल्या एका शाळेत तमिळमधून भौतिकशास्त्र शिकवलं. एवढी वर्षं एका जागी टिकून राहिलेल्या माणसाला शाली मिळतातच. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बायको त्यातली एक मिक्सरवर घालते आणि एक टीव्हीवर.

शालीचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या जिल्ह्यात तो मोडलेला मी पाहिला नव्हता. शाल अंगावर पडली की माणसानं 'पण' हा शब्द वापरायचा नाही. दोन शब्द बोलायचे, ते गोड बोलायचे आणि खाली बसायचं. ज्यानं शाल दिली त्याचं चार लोकांत उणं काढणं म्हणजे वाढलेल्या पानावरून उठून यजमानाला शिव्या देण्याइतकं असभ्य. आम्ही तंजावूरचे मराठी लोक तर मानपानाच्या बाबतीत तमिळ लोकांहूनही काकणभर सरस. आमच्या पूर्वजांचं राज्य कधीच गेलं, पण पंक्तीत कुणाचं पान आधी मांडायचं याचं भांडण आम्ही अजून टिकवून ठेवलं आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, तिरुवैयारुजवळ राहते. तिथे तिच्या नवऱ्याची दोन एकर भातजमीन आहे. तो ऐन चाळिशीत गेला, तेव्हापासून शेत तीच बघते. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी खोचून ती मोपेडवरून बांधावर जाते, गड्यांशी तमिळमध्ये भांडते आणि बैलांशी मराठीत बोलत असे. आता बैल नाहीत, म्हणून ट्रॅक्टरवाल्याशीच कधी कधी रागाच्या भरात मराठीत बोलते. तिच्या शेताला नदीतून निघालेल्या एका लहान कालव्याचं पाणी मिळतं. वरच्या धरणातून पाणी सुटलं की तो वाहतो. पाणी बंद झालं की नदी म्हणजे नुसती वाळू, कालवा म्हणजे शेळ्यांची वाट, आणि मग वाळूखालचं पाणी बोअरमधून ओढून अक्का चार वाफे जगवते. उन्हाळ्यातले ते चार महिने तिचं सगळं लक्ष त्या बोअरच्या पाइपाकडे असतं.

गेल्या पावसाळ्यानंतर, नदी दुथडी भरून वाहत असताना, एका कंपनीचा जनसंपर्कवाला माझ्याकडे आला. चांगला शिकलेला, चेन्नईचा, आणि इतका नम्र की चपला त्यानं फाटकाबाहेरच काढल्या. त्याच्याजवळ गुळगुळीत कागदाचं एक माहितीपत्रक होतं. त्यावर हिरवंगार भात, काठोकाठ नदी, मुलाला कडेवर घेतलेली हसरी आई आणि कोपऱ्यात बालवाडीसारखी दिसणारी एक पांढरी इमारत. ती इमारत म्हणजे अणुभट्टी होती.

"छोटी आहे, सार," तो म्हणाला. आमच्याकडे 'सर'चा 'सार' होतो. पुढच्या अर्ध्या तासात त्यानं 'छोटी' हा शब्द इतक्या प्रेमानं वापरला की आपण बारशाला आलो आहोत असं मला वाटायला लागलं. छोटी अणुभट्टी, छोटी जागा, छोटा कर्मचारीवर्ग, छोटासा कुंपणाचा घेर. भट्टी कारखान्यात तयार होणार, ट्रकवर चढून येणार, इथे नुसती जोडायची. काही बिघडलंच तर ती आपोआप शांत होणार. अजून काहीच ठरलेलं नाही, हेही त्यानं तितक्याच वेळा सांगितलं. सध्या फक्त लोकांचं मत घ्यायचं आहे.

खरं सांगायचं तर मला ती कल्पना आवडली. कोळसा जाळून आपण जो धूर करतो त्याचा मला मनापासून राग आहे, आणि जगभर अशा लहान भट्ट्यांवर जे काम चाललं आहे त्याबद्दल मी निवृत्तीनंतर हौसेनं वाचत असतो. पंप, वीज काहीही नसताना केवळ तापलेलं पाणी वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं या एका साध्या गोष्टीवर ती भट्टी स्वतःला सांभाळते, हे वाचलं तेव्हा मी एकटाच खोलीत 'वा' म्हणालो होतो. तेव्हा मी काही विज्ञानाला घाबरणारा माणूस नव्हे. मी माणसांना घाबरतो, हे पुढे कळायचं होतं.

त्या माणसानं जाताना विनंती केली की त्यासाठी होणाऱ्या सभेला आमच्या मराठी समाजाचा एक प्रतिनिधी व्यासपीठावर हवा. त्याच्याजवळ एक यादी होती. प्रत्येक समाजाचा एक, प्रत्येक गावचा एक, शेतकऱ्यांचा एक, बायकांच्या बचत गटाची एक. सगळी नावं नीट टाइप केलेली, आमची जागा तेवढी रिकामी.

आमच्या मराठी मंडळाची बैठक बसली. अठरा माणसं आली, म्हणजे जवळजवळ सगळं मंडळच. एका गृहस्थांच्या खापरपणज्यांनी राजवाड्याचं दफ्तर सांभाळलं होतं, दुसऱ्यांच्या खापरपणज्यांनी राजाची घोडी. दफ्तर मोठं की घोडी मोठी यावर दीड तास चर्चा झाली. दफ्तरवाले म्हणाले की घोडेवाल्यांना आधी शाल मिळणार असेल तर आपण येणारच नाही. घोडेवाले म्हणाले की न आलात तर उत्तमच. अणुभट्टीबद्दल एकानंही एक शब्द विचारला नाही. एका वयोवृद्ध सदस्यांनी तेवढं विचारलं की दुपारच्या जेवणात कांदा असेल का. शेवटी तडजोड म्हणून माझं नाव निघालं, कारण माझे खापरपणजे कोण होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

ही बातमी सांगायला मी अक्काकडे गेलो आणि माहितीपत्रक तिच्यापुढे ठेवलं. मजकूर तमिळमध्येच होता. तिनं चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि मागच्या बाजूचा नकाशा बोटानं चाचपला. नदीतून पाणी उचलायची जागा तिथे निळ्या ठिपक्यानं दाखवली होती. तो ठिपका तिच्या कालव्याच्या तोंडाशी होता.

"हें चित्र कोणत्या महिन्याचं?" तिनं नदीवर बोट ठेवून विचारलं.

"पाणी असतानाचं," मी म्हणालो.

"तें दिसतें मज. चित्रै-वैकासींत, ऐन उन्हाळ्यांत, नदींत वाळू असते. तेव्हां ही चूल कशानं निववतात?"

पस्तीस वर्षं मी मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. उष्णतेपासून काम करून घ्यायचं तर एक बाजू तापलेली लागते आणि एक बाजू थंड लागते. जेवढी उष्णता निर्माण होईल तिच्यातली थोडीच कामी येते, उरलेली कुठेतरी टाकावी लागते. हे न लिहिणाऱ्या मुलाचे मी गुण कापत असे. भट्टी स्वतःला शांत करील, मान्य. पण ती रोज वीज करणार असेल तर रोजची उरलेली उष्णता कुठे टाकणार? पाण्यात टाकायची, तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? हवेत टाकायची, तर तसं पत्रकात लिहायला हवं होतं. त्यात नदी होती. म्हणजे एप्रिल-मेमध्ये कंपनीचा पंप वाळूखालचं तेच पाणी ओढणार, ज्यावर अक्काचा बोअर चालतो. माझ्यासारख्या शिक्षकाच्या हातात ते पत्रक चार दिवस होतं, आणि मला आईच्या कडेवरचं मूलच गोड वाटलं होतं.

"मी सुद्धा चूल पेटवण्याआधी बाजूस पाण्याची कळशी भरून ठेवितें," अक्का म्हणाली. "ह्यांनीं चूल आणिली, कळशी माझी धरिली. तूं शिकलेला आहेस. तूं विचार."

"विचारतो."

"नक्की विचारशील कीं नाही? हा बोअर आटला तर मी शेत विकून तुझ्याकडे येऊन बसूं काय?"

तिनं हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. त्या दोन एकरांवर ती उभी होती. बाकी तिच्याजवळ काही नव्हतं आणि कुणापुढे हात पसरायचा तिचा स्वभाव नव्हता. मी खिशातली डायरी काढून तिच्यासमोर प्रश्न लिहिला, तमिळमध्ये, दोन ओळींत. पान फाडून घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग तिनं मला कॉफी दिली.

सभा तै महिन्यात, म्हणजे जानेवारीत, पोंगल झाल्यावर लगेच ठेवली होती. नदीत अजून पाणी होतं, कापणी झालेली, माणसं खुशीत. प्रश्न विचारायला याहून वाईट महिना सापडला नसता. जागा म्हणजे एक लग्नाचं कार्यालय. दाराला केळीचे खांब, आत नागस्वरम्, आणि दारातच चंदन, कुंकू, खडीसाखर आणि गुलाबपाण्याचं तबक घेऊन दोन बायका उभ्या. मी आणि अक्का बरोबरच आत शिरलो. तबकवालीनं मला चंदन लावलं, हातावर खडीसाखर दिली. अक्काकडे वळली आणि तिचं मोकळं कपाळ पाहून थबकली. मग कुंकवाची वाटी अंगठ्यानं बाजूला सारून तिनं खडीसाखरेची बाजू पुढे केली. अक्कानं एक खडा उचलून तोंडात टाकला आणि पुढे गेली. तिला याची सवय आहे. मला अजून नाही, आणि तरीही मी त्या बाईला काही म्हणालो नाही.

पुढे मला व्यासपीठावर नेलं, अक्का मागे पंख्याखाली अकराव्या रांगेत बसली. व्यासपीठाशेजारी थर्माकोलची अणुभट्टी मांडली होती. तिच्या पायथ्याशी निळ्या चकचकीत कागदाची नदी. मी ती नदी नीट पाहून घेतली. आटण्याची काही सोय नव्हती.

दीप लावण्यासाठी पाच वातींची समई होती. पाच मान्यवर पुढे झाले, मेणबत्ती या हातातून त्या हातात फिरली, छायाचित्रकारासाठी दोन वाती विझवून पुन्हा लावल्या. मग शाली सुरू झाल्या. एका खोक्यातून एक माणूस त्या काढून देत होता आणि ते खोकं काही रिकामं होत नव्हतं. गावच्या पंचायतीचे अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टर, बचत गटाच्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, नागस्वरम् वाजवणारे, सगळे झाले. फाटकाबाहेर आठ-दहा शेतकरी घोषणा देत होते. त्यांच्या पुढाऱ्याला अतिशय आदरानं हाताला धरून आत आणलं आणि त्याच्या खांद्यावरच्या, शेतकरी संघटनेच्या हिरव्या पंच्यावर सोनेरी शाल घातली. तो गोंधळून गेला, त्यानं नमस्कार केला आणि दिलेल्या खुर्चीत बसला. बाहेरच्या घोषणा थोडा वेळ चालल्या, मग पुढाऱ्यावाचून त्यांचा सूर बिघडला आणि तेही जेवणाची चौकशी करत आत आले.

तेव्हा मला त्या टाइप केलेल्या यादीतली गंमत कळली. जिल्ह्यात ज्याच्या तोंडून प्रश्न निघण्याची शक्यता होती अशा प्रत्येकाच्या खांद्यावर त्या सकाळी शाल पडत होती. विरोध चिरडणं, दडपणं असली गावंढळ कामं त्या जनसंपर्कवाल्याला करावी लागत नव्हती. त्यानं आमचा नुसता सत्कार केला. इतकी स्वस्त आणि स्वच्छ ऊर्जा त्या भट्टीतूनही निघणार नाही.

माझीही पाळी आली. शाल अंगावर पडली, गार आणि निसरडी. हातात माइक आला. "सार दोन शब्द बोलतील."

खिशातला कागद छातीशी होता. मी तो काढलाही नाही. मी म्हणालो की छोटी अणुभट्टी ही काळाची गरज आहे. मी म्हणालो की विज्ञान सामान्य माणसापर्यंत नेण्याचा हा उपक्रम स्तुत्य आहे. मग बोलणं सुचेना म्हणून मी ध्वनिव्यवस्थेची स्तुती केली, मग नागस्वरम्‌ची, आणि शेवटी, कसं कोण जाणे, पंख्यांची. टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. अकराव्या रांगेकडे पाहण्याची हिंमत झाली नाही. पाहिलं तेव्हा अक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या निळ्या कागदाच्या नदीकडे बघत होती. मला लाज वाटली. साधी, शाळेत चोरी पकडल्यावर वाटते तशी.

कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्यानं पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं. चांगलं केलं, खोटं असं काही बोलला नाही. मग घड्याळाकडे पाहून म्हणाला, "आता दहा मिनिटं प्रश्नांसाठी." सभागृहाकडे त्यानं निर्धास्तपणे पाहिलं. पहिल्या दोन रांगा सोनेरी झाल्या होत्या.

अकराव्या रांगेत अक्का उभी राहिली.

तिचं नाव यादीत नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. पाणी उचलायच्या जागेला सर्वांत जवळची जमीन तिची. हिशेबानं पहिली शाल तिला मिळायला हवी होती. पण शुभकार्याच्या आरंभी विधवेला कोण बोलावतं? तिला समईशी बोलावलं नाही, तिच्या कपाळाला कुंकू लावलं नाही, तिच्या खांद्यावर काही घातलं नाही. कंपनीनं सगळा जिल्हा विचारात घेतला आणि आमच्याच रीतीनं ती तेवढी बाहेर राहिली. ती त्या सभागृहात एकटीच अशी होती जी कुणाचं काही देणं लागत नव्हती.

"उन्हाळ्यात नदीत वाळू असते," ती तमिळमध्ये म्हणाली. माइक नव्हता, पण गड्यांना हाका मारून तयार झालेला आवाज होता. "माझ्या कालव्याच्या तोंडाशी तुमचा पंप दाखवला आहे. चार महिने नदी कोरडी असताना तुम्ही पाणी कुठून घेणार?"

अधिकारी हसला. "फार चांगला प्रश्न, अम्मा. नव्या तंत्रज्ञानाला पाणी फार थोडं लागतं."

"थोडं म्हणजे किती? आणि ते कुठून?"

अधिकाऱ्यानं मागे पाहिलं. माझ्या घरी आलेला तो जनसंपर्कवाला त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला आणि अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "अम्मा, तुमचे भाऊ इथे आहेत. भौतिकशास्त्राचे शिक्षक. सार, तुम्हीच तुमच्या मराठीत बहिणीला समजावून सांगा. आपल्या माणसाकडून आपल्या भाषेत ऐकलं की चटकन कळतं."

माइक पुन्हा माझ्या हातात आला. आणि मी आयुष्यातली सर्वांत हुशारीची आणि सर्वांत भित्री गोष्ट केली. मी मराठीत खरं सांगितलं. शिकवताना असतो तसा शांत आवाज लावला, हातानं पाणी वर चढल्याची आणि खाली उतरल्याची खूण केली, मान डोलावली, आणि म्हणालो, "अक्का, ह्यांच्याजवळ उत्तर नाही. उन्हाळा ह्यांनीं धरिलाच नाही. तुझा बोअर आटेल असें मज वाटतें. तूं विचारिलेंस तें बरोबर विचारिलेंस."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती समजावून सांगितलं सारांनी. अधिकारीही टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या रांगेत आमचं मंडळ बसलं होतं, दफ्तरवाले आणि घोडेवाले एकमेकांत तीन खुर्च्या सोडून. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता. तेही टाळ्या वाजवत होते.

मी मनात म्हटलं, झालं. अक्काला खरं कळलं, कंपनीचा मान राहिला, शालीचा नियम मोडला नाही, मी खोटंही बोललो नाही. आम्ही या मुलखात इतकी वर्षं राहिलो ते असंच, घरात एक आणि दारात एक. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

अक्का खाली बसली नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडे न बघता, अधिकाऱ्याकडे बघून ती तमिळमध्ये म्हणाली, "त्यानं आता जे सांगितलं ते सगळ्यांना कळेल असं तमिळमध्ये सांगायला सांगा."

"जरूर," अधिकारी आनंदानं म्हणाला. "सांगा, सार."

मी उठलो. अजूनही पळवाट होती. तमिळमध्ये मी काहीही सांगू शकत होतो. पाणी थोडं लागतं, तंत्रज्ञान नवं आहे, काळजीचं कारण नाही. खोटं आहे असं म्हणणारा तिसऱ्या रांगेत कुणी उठला नसता. मी अक्काकडे पाहिलं. या वेळी ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी सांगेन असं तिला वाटत होतं. माझ्याबद्दल तेवढी खात्री मलाही कधी वाटली नव्हती.

पाठांतर विसरलेल्या मुलासारखा मी खिशातला कागद काढला. वाकताना शाल खांद्यावरून सरकली. या शाली सरकतातच. मी ती उचलली नाही.

"मी तिला असं सांगितलं," मी तमिळमध्ये म्हणालो, "की कंपनीजवळ या प्रश्नाचं उत्तर नाही. भट्टी छोटी आहे, चांगली आहे, मला ती आवडते. पण तिची उरलेली उष्णता कुठेतरी टाकावी लागेल, आणि उन्हाळ्यात आपली नदी वाळूची असते. ज्या पाण्यावर माझी बहीण शेत जगवते तेच पाणी तुम्हीही घेणार का, एवढंच विचारायचं आहे. हा प्रश्न सकाळी मीच विचारायचा होता. मी पंख्यांबद्दल बोललो."

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागून कुणीतरी हळू आवाजात "बरोबर आहे" म्हणालं, मग दुसरं कुणी तेच जरा मोठ्यानं. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यानं अंगावरची शाल काढली नाही, माणूस सभ्य होता. पण तिच्या खाली दडलेला हिरवा पंचा त्यानं ओढून वर आणला. अधिकाऱ्यानं "हा मुद्दा नोंदवून घेतला आहे" असं जाहीर केलं आणि प्रश्नांची सहा मिनिटं शिल्लक असताना सगळ्यांना जेवायला बोलावलं.

पुढे त्या सभेचा अहवाल आला. चांगल्या कागदावर, रंगीत. त्यात माझा फोटो आहे, हात वर करून समजावतानाचा, शाल अजून खांद्यावर आहे तेव्हाचा. खाली लिहिलं आहे की मराठी समाजाच्या प्रतिनिधींनी आपल्या मातृभाषेतून शंकांचं निरसन केलं. मंडळात तो फोटो चौकटीत लावावा असा ठराव आला. दफ्तरवाल्यांनी विरोध केला, कारण फोटोत त्यांचा अर्धाच चेहरा आला आहे. अक्काचा प्रश्न शेवटच्या पानावर आहे. 'एका महिला शेतकऱ्याकडून उन्हाळ्याबद्दल पृच्छा' एवढंच. त्याच्यापुढे उत्तराचा रकाना आहे आणि तो कोरा आहे. भट्टीचं अजून काहीच ठरलेलं नाही, आणि मला वाटतं त्या कोऱ्या रकान्याचा त्यात थोडा हात असावा. तसं नसेलही. अक्का दर पंधरा दिवसांनी कंपनीच्या कार्यालयात पत्र टाकते आणि त्याची पोच आणते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची पंगत. केळीच्या पानावर सांबार, दोन भाज्या, पायसम्. कांदा नव्हता, वयोवृद्ध सदस्य समाधानी होते. दफ्तरवाले आणि घोडेवाले माझ्यापासून दोन पानं दूर बसले. कुणी मला काही म्हणालं नाही, आणि आमच्याकडे कुणी काही म्हणालं नाही म्हणजे बोलून झालेलं असतं. जाताना सगळ्यांच्या हाती नारळ आणि विड्याची पानं घातलेल्या पिशव्या ठेवत होते. कुणीतरी माझी पडलेली शालही घडी करून माझ्या पिशवीत घातली होती.

मी अक्काशेजारी बसलो होतो. मला तिची माफी मागायची होती, पण आम्हा भावंडांत तसं बोलायची पद्धत नाही. मी माझ्या पानावरचा पापड तिच्या पानावर ठेवला. तिनं तो मोडून अर्धा मला परत दिला.

तेवढ्यात तो जनसंपर्कवाला लगबगीनं पंगतीत आला. त्याच्या हातात खोक्यातली शेवटची शाल होती, अजून प्लास्टिकमध्ये. मागे छायाचित्रकार. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याचा नीट टाइप केलेला कारभार चुकला होता आणि तो ती चूक दुरुस्त करायला आला होता. तिचं मोकळं कपाळ त्याला आता आड येत नव्हतं.

"अम्मा, आमच्याकडून राहून गेलं," तो अगदी मनापासून म्हणाला. "तुमचा सत्कार करायचा आहे. एक मिनिट उभ्या राहता का?"

अक्कानं भाताचा घास खाली ठेवला. शालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"राहू दे, तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "मला अजून विचारायचं आहे."